किर्खबेर्गचा आठवडा : विटगेन्स्टाइन परिसंवादाला जायचे तर

व्हिएन्नाच्या दक्षिणेला वेक्सेल डोंगराच्या पायथ्याशी किर्खबेर्ग नावाचे जेमतेम अडीच हजार वस्तीचे गाव आहे. ऑगस्टमध्ये आठवडाभर या गावात जगभरचे तत्त्वज्ञानवेडे उतरतात. विसाव्या शतकातला तत्त्वज्ञ लुडविग विटगेन्स्टाइन याच्या नावाची ऑस्ट्रियन सोसायटी १९७४ मध्ये स्थापन झाली आणि १९७६ पासून हा आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरू लागला. राजधानी सोडून या आडगावी का, याचे कारण साधे आहे. १९२० ते १९२६ या काळात विटगेन्स्टाइन याच भागातल्या खेड्यांत प्राथमिक शाळेचा मास्तर होता. ट्राटेनबाख आणि ओटरटाल ही त्याची दोन गावे किर्खबेर्गहून पायी जाण्याच्या टप्प्यात आहेत.

इथे यायला पदवी लागत नाही. नावनोंदणी करून शुल्क भरले की श्रोता म्हणून कोणालाही बसता येते. विद्यार्थ्यांना शुल्क कमी असते आणि लवकर भरणाऱ्यालाही सहसा फायदा होतो. दरवर्षी एक मुख्य विषय ठरतो, शिवाय खास विटगेन्स्टाइनवरचा विभाग असतोच. पहिल्यांदा जाणाऱ्याने श्रोता म्हणूनच जावे. निबंध वाचायचा असेल तर वेगळी तयारी लागते, तिच्याविषयी पुढे येईल. भाषणे इंग्रजीत आणि जर्मनमध्ये होतात. जर्मन येत नसेल तरी आठवडा भरगच्च जातो.

आधीचे सहा महिने

परिसंवादाचे दिवस साधारण रविवार ते शनिवार असे असतात. तारखा आणि विषय बरेच आधी जाहीर होतात, निबंधांची मुदत वसंतात संपते. तारीख कळली की पहिले काम खोलीचे. गावात मोठी हॉटेले नाहीत. गास्टहोफ म्हणजे खाली खानावळ आणि वर खोल्या अशी घरे, आणि काही घरगुती खोल्या. दूरच्या गावातली स्वस्त खोली घेण्याचा मोह होतो, आणि इथेच पहिली चूक होते. संध्याकाळी बस जवळजवळ नसतात. रात्री साडेदहाला चर्चा ऐन रंगात असताना तुम्हाला उठावे लागेल किंवा अंधारात सहा किलोमीटर चालावे लागेल. दोघांनी मिळून खोली घ्या, पण गावातच घ्या. नाश्ता धरूनच दर ठरवा.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांसाठी मिळून एकच) लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. पंधरा दिवसांवर विसंबू नका. जून-जुलैत भेटीची वेळ मिळणे हेच मोठे काम असते, म्हणून मे महिन्यात अर्ज गेलेला बरा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाआकार वेगळा. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन कोरी पाने असलेला आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा.

अर्ज कुठे अडकतो? बहुतेक वेळा कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. अर्जात ‘पर्यटन’ लिहायचे आणि सोबत परिसंवादाची नोंदणी जोडायची, किंवा नोंदणी सात दिवसांची आणि खोली चारच दिवसांची, असे झाले की शंका येते. हेतू एकच लिहा, नोंदणीची पावती आणि आयोजकांचे पत्र जोडा, एकेका रात्रीचा हिशेब लावा. पुढे पॅरिस-रोम करायचे असेल तर ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. विमान फ्रँकफर्टला उतरते म्हणून जर्मनीकडे अर्ज करणारे दरवर्षी भेटतात.

काय वाचून जावे

सगळे वाचून जायचे ठरवले की काहीच वाचून होत नाही. विटगेन्स्टाइनचा एक ग्रंथ घ्या, त्यातला एक तुकडा घ्या, आणि त्या तुकड्याविषयी स्वतःचा एक प्रश्न घेऊन जा. प्रश्न कागदावर लिहिता आला पाहिजे, तोही दोन ओळींत.

‘ट्रॅक्टेटस’ (१९२१) घेणार असाल तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचू नका. त्यातली विधाने दशांश क्रमांकांनी बांधलेली आहेत. मुख्य विधाने सात. १.१ आणि १.२ ही १ वरची टिपणे, १.११ हे १.१ वरचे टिपण, असा तो पसारा आहे. आधी सात मुख्य विधाने वाचा, मग एकेका फांदीवर चढा. पहिली फांदी छोटी आहे: १, १.१, १.११, १.१२, १.१३, १.२, १.२१. सातच नोंदी, एका बैठकीत होतात. दुसऱ्या फांदीत मात्र २ नंतर लगेच २.०१ येते आणि २.१ कितीतरी पुढे, तिथे नवखा हमखास गोंधळतो. एका कोऱ्या कागदावर ही फांदी झाडासारखी काढा. शून्य असलेली विधाने खोडाजवळ दिसतील आणि गुंता सुटेल. सातव्या विधानाला एकही टिपण नाही, हेही त्या कागदावर डोळ्यांत भरते.

भाषांतर कोणते आहे ते पाहून घ्या. १९२२ च्या ऑग्डेन यांच्या इंग्रजी भाषांतरात ‘झाखफरहाल्ट’ या जर्मन शब्दाला ‘अ‍ॅटॉमिक फॅक्ट’ म्हटले आहे, तर १९६१ च्या पेअर्स-मॅकगिनेस भाषांतरात ‘स्टेट ऑफ अफेअर्स’. एकाच टेबलावर दोघे दोन भाषांतरे घेऊन बसले की अर्धा तास वाद होतो आणि मग कळते की वाद शब्दाचाच होता. म्हणूनच तिथले जाणते लोक इंग्रजीत बोलतानाही मूळ जर्मन शब्द वापरतात. ‘टाटझाखे’ (वस्तुस्थिती), ‘झाखफरहाल्ट’, ‘झिन’, ‘बेडॉयटुंग’, ‘झाट्स’ (विधान), ‘श्प्राखश्पील’ (भाषेचा खेळ) हे सहा शब्द तरी कानाला ओळखीचे हवेत. मराठीत विचार करणाऱ्याला आणखी एक खड्डा आहे. ‘झिन’ आणि ‘बेडॉयटुंग’ दोन्हींना आपण सहज ‘अर्थ’ म्हणून मोकळे होतो, आणि तिथेच सगळा फरक पुसला जातो. वहीत एकाला ‘आशय’ आणि दुसऱ्याला ‘निर्देश’ असे काही लिहा आणि आठवडाभर तेच पाळा. मराठी परिभाषेसाठी दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ (१९७४) ग्रंथालयात चाळून जाणे फायद्याचे.

‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ (१९५३) घेणार असाल तर पहिल्या भागात ६९३ परिच्छेद आहेत. त्यातले २४३ ते ३१५ हे खासगी भाषेवरचे (म्हणजे बोलणाऱ्या एकट्यालाच कळेल अशी भाषा असू शकते का, यावरचे) परिच्छेद आठवड्याला पुरून उरतात. त्याआधी पहिले पाच-दहा परिच्छेद वाचाच. दुसऱ्या परिच्छेदातला गवंडी आणि त्याचा मदतनीस रोज कुठे ना कुठे निघतो. डावीकडे जर्मन आणि उजवीकडे इंग्रजी अशी छापील प्रत घ्या. २००९ ची चौथी आवृत्ती चांगली. तिथे पान नव्हे, परिच्छेद क्रमांक सांगतात. फोनवरच्या प्रतीत क्रमांक शोधेपर्यंत बोलणारा पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो.

वाचनाचा वेग किती असावा, याचे एक उदाहरण याच भागातले आहे. सप्टेंबर १९२३ मध्ये केंब्रिजचा वीस वर्षांचा गणितज्ञ फ्रँक रॅमसे पूखबेर्ग या गावी आला. विटगेन्स्टाइन तेव्हा तिथल्या शाळेत शिकवत होता. सुमारे दोन आठवडे, शाळा सुटल्यावर रोज काही तास, दोघे ‘ट्रॅक्टेटस’ ओळीओळीने वाचत होते. जेमतेम ऐंशी पानांच्या पुस्तकाला एवढा वेळ.

पोहोचणे

व्हिएन्ना विमानतळावरून शहरातल्या हाउप्टबानहोफ या मुख्य स्थानकाकडे साधी रेल्वे जाते, पाऊण तासाच्या आत पोहोचता. हिरव्या रंगाची, महागडी ‘सिटी एअरपोर्ट ट्रेन’ दुसऱ्याच स्थानकावर नेऊन सोडते, ती टाळा. पुढे दक्षिणेकडच्या मार्गाने ग्लोगनिट्स गाठायचे, साधारण सव्वा तास. गाडी पायरबाखकडे जाणारी आहे का ते पाहा; कधी वीनर नॉयश्टाटला बदलावी लागते. झेमरिंगचा प्रसिद्ध घाट याच ग्लोगनिट्सपासून सुरू होतो. १८५४ मध्ये, म्हणजे आपल्या बोरघाटाच्या नऊ वर्षे आधी, तो रेल्वेला खुला झाला. ग्लोगनिट्सहून किर्खबेर्गला बस जाते, डोंगर ओलांडून अर्ध्या तासात.

खरी मेख बसच्या वारात आहे. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी बस विरळ असतात, आणि परिसंवादाला येणारे बहुतेक जण नेमके शनिवारीच पोहोचतात. शुक्रवारी या, किंवा शनिवारी सकाळची गाडी धरा. नाहीतर ग्लोगनिट्सला टॅक्सी आधी सांगून ठेवा, स्थानकाबाहेर ती उभी असेल असे समजू नका. दुकानांचेही तसेच. ऑस्ट्रियात शनिवारी संध्याकाळी सहाला किराणा दुकाने बंद होतात ती सोमवारी उघडतात. आठवड्यात १५ ऑगस्ट येत असेल तर त्या दिवशी तिथेही सुट्टी असते, अर्थात मेरीमातेच्या सणाची. दुकाने त्याही दिवशी बंद.

एक दिवस व्हिएन्नात काढणार असाल तर तो आधी काढा. तिसऱ्या विभागात कुंडमानगासे १९ या पत्त्यावर विटगेन्स्टाइनने बहिणीसाठी वास्तुकार पाउल एंगेलमानच्या सोबतीने बांधलेले घर आहे (१९२६-२८). आता ते बल्गेरियाच्या सांस्कृतिक संस्थेकडे आहे. कचेरीच असल्यामुळे शनिवार-रविवारी दार उघडेल याचा भरवसा नाही. कामाच्या दिवशी जा. आत गेलात तर दारांच्या मुठी आणि कोपऱ्यातले रेडिएटर नीट पाहा. या माणसाने बांधकाम संपत आले असताना एका दालनाचे छत तीन सेंटिमीटर वर घ्यायला लावले होते.

बॅगेत काय

ऑगस्ट असला तरी गाव सुमारे ५८० मीटरवर आहे. दुपारी तीस अंश, रात्री बारा, आणि मध्येच गडगडाटी पाऊस. एक स्वेटर, एक पातळ रेनकोट, तळव्याला पकड असलेले बूट. सूट-टाय नको, इथे प्राध्यापकही चालण्याच्या बुटांत फिरतात. आपल्या तीन पिनांच्या प्लगला तिथल्या भिंतीत जागा नाही; लॅपटॉपसाठी अ‍ॅडॉप्टर हवाच. फोन चार्जरच्या दोन गोल पिना बहुधा चालतात.

खाऊ नेताना जपून. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, तूप, चक्का घरीच. चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी ठीक. नळाचे पाणी उत्तम असते, बाटली भरून घ्या.

शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होत नाही, फसवणूक मात्र होते. ‘फ्रिटाटेनझुपे’ नावाचे सूप समोर येते. धिरड्याच्या बारीक पट्ट्या, वर हिरवी पात, दिसायला अगदी सोवळे. पण खालचे पाणी गोमांसाचे असते. सॅलडवर ‘श्पेक’ म्हणजे डुकराच्या खारवलेल्या चरबीदार मांसाचे तुकडे न विचारता पडतात. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ एवढे पाठ करा. सुपाचे वेगळे विचारा. केझश्पेट्सले (चीज घातलेल्या शेवया), पालकाचे क्नोडेल (उकडलेले गोळे), ऑगस्टातल्या पिवळ्या रानअळंब्या हे बिनधास्त मागवा, मात्र श्पेक नाही ना ते विचारून. अंडे न खाणाऱ्याची यादी आणखी आखूड होते, कारण शेवया आणि क्नोडेल दोन्हींत अंडे असते. काही खानावळी फक्त रोख घेतात, म्हणून शे-दीडशे युरो खिशात ठेवा.

सभागृहात

सत्रे गावातल्या शाळेच्या इमारतीत होतात, शाळामास्तर विटगेन्स्टाइनच्या परिसंवादाला हा योग चांगला जुळला आहे. सकाळी सर्वांसाठीची मोठी व्याख्याने, दुपारी एकाच वेळी अनेक खोल्यांत छोटे निबंध. सगळे ऐकायचा प्रयत्न करणारा मंगळवारी दुपारी पेंगायला लागतो आणि गुरुवारी आजारी पडतो. सकाळची दोन व्याख्याने आणि दुपारचे तीन निबंध, यापुढे जाऊ नका. निबंध निवडताना नावाजलेले नाव पाहू नका. निबंधांचा संग्रह मिळाला की प्रत्येकाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचा. दोन्हींत एकच दावा दिसत असेल तर तो निबंध ऐकण्याजोगा. खोली बदलायची ती दोन निबंधांच्या मध्ये. कोणी वाचत असताना उठून जाणे तिथे फार खटकते.

भाषण संपले की टाळ्यांऐवजी लोक बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. दचकू नका, जर्मन भाषक विद्यापीठांतली ही दाद आहे. तुम्हीही करा.

प्रश्न विचारायचा तर हात वर करून अध्यक्षांच्या नजरेत या; ते क्रम लावतात. पूर्ण हात म्हणजे नवा प्रश्न. चालू मुद्द्यालाच जोड द्यायची असेल तर काही अध्यक्ष नुसते बोट वर करायची मुभा देतात, पण त्या बोटाचा गैरवापर लगेच लक्षात येतो. प्रश्न तीन वाक्यांत बसवा: निबंधातली जागा, तिचा तुम्हाला लागलेला अर्थ, आणि त्यात अडते कुठे. ‘मला प्रश्न नाही, फक्त एक निरीक्षण नोंदवायचे आहे’ हे वाक्य जगातल्या कुठल्याही सभागृहात लोकांना घड्याळाकडे पाहायला लावते.

आपल्याकडच्यांची एक खोड इथे सांगायलाच हवी. कुठलाही मुद्दा निघाला की ‘हे आमच्या शंकराचार्यांनी आधीच सांगितले आहे’. याने समोरचा नम्रपणे मान हलवतो आणि बोलणे तिथेच मरते. तुलना करायची असेल तर नेमकी करा. ‘ट्रॅक्टेटस’ ३.३ म्हणते की नावाला ‘बेडॉयटुंग’ असतो तो विधानाच्या संदर्भातच. व्याकरणकार भर्तृहरी ‘वाक्यपदीया’त वाक्यच अखंड मानतो आणि पदे त्यातून विश्लेषणाने वेगळी काढलेली. दोघांत साम्य कुठपर्यंत आणि फारकत कुठे, एवढे पाच मिनिटांत मांडता आले तर जेवणाच्या टेबलावर तुमच्यासाठी जागा धरून ठेवतील. टागोरांचा विषयही कोणीतरी काढेलच. व्हिएन्ना मंडळ या तिथल्या तत्त्वज्ञांच्या गटाच्या सदस्यांसमोर विटगेन्स्टाइन त्यांच्याकडे पाठ करून टागोरांच्या कविता वाचत असे, ही आठवण तिथे सगळ्यांना माहीत आहे.

निबंध वाचणार असाल तर

लांबीची आणि वेळेची मर्यादा निबंध मागवणाऱ्या पत्रकात असते, ती काटेकोर पाळतात. वीस मिनिटांसाठी इंग्रजीतले दोन हजार शब्द पुष्कळ झाले. तीन हजार घेऊन गेलात तर निष्कर्ष खिशातच राहतो. एका दाव्यावर थांबा. उतारे आणि युक्तिवादाच्या पायऱ्या क्रमांकानिशी एका कागदावर छापा आणि पंचवीस प्रती घरूनच न्या, गावात ऐन वेळी झेरॉक्स शोधत फिरणे नको. प्रश्नाचे उत्तर लगेच सुचले नाही तर तसे सांगा आणि संध्याकाळी त्या माणसाला गाठा. परिसंवादाच्या आधी याच गावात विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी शाळाही भरते. संशोधन करणाऱ्याने परिसंवादापेक्षा तिच्याकडे आधी पाहावे.

संध्याकाळ आणि बुधवार

अर्धे शिकणे खानावळीत होते. साडेआठपर्यंत उजेड असतो आणि सगळे अंगणातल्या लांब टेबलांवर बसतात. आधीच बसलेल्यांना ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ म्हणजे ‘इथे जागा आहे का?’ असे विचारून बसायचे. ओळख लागत नाही. अर्धा लिटर बिअर म्हणजे ‘क्र्यूगर्ल’, त्याहून लहान ग्लास ‘झाइडल’. न पिणाऱ्याने ‘आप्फेलझाफ्ट गेश्प्रित्स्ट’ म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस मागावा, कोणी आग्रह करत नाही. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहतात. बिल मागितले की वाढपी ‘त्सुझामेन’ की ‘गेट्रेन्ट’ विचारतो: एकत्र की वेगवेगळे. वेगवेगळेच सांगतात, त्यात कंजूषपणा नाही. पाच ते दहा टक्के बक्षिसी धरून पूर्ण रक्कम तोंडी सांगायची, टेबलावर सुटे ठेवून जायचे नाही.

बुधवारी डोके भरते. त्या दुपारी सत्रे सोडा आणि चालायला जा. ओटरटाल तासाभरात येते, तिथून ट्राटेनबाख आणखी तेवढेच. ट्राटेनबाखला ‘ट्रॅक्टेटस’मधल्या विधानांच्या पाट्या लावलेली पायवाट आहे. तीन-चार जणांनी मिळून, प्रत्येक पाटीशी थांबून वाद घालत गेलात तर रॅमसेचा वेग काय असेल याचा अंदाज येतो. जाताना परतीच्या शेवटच्या बसची वेळ लिहून घ्या. पाऊस असेल तर गावाजवळची हेर्मान्सह्योले ही लवणस्तंभांची गुहा पाहा. आत दहा अंशांच्या आसपास थंडी असते, स्वेटर न्या.

गावकऱ्यांशी विटगेन्स्टाइनविषयी बोलताना भक्तिभाव जरा आवरा. पोरांसाठी त्याने शब्दकोश केला, तो १९२६ मध्ये छापला गेला, आणि त्याच्या हयातीत पुस्तकरूपाने आलेले हे आणि ‘ट्रॅक्टेटस’ एवढेच. पण हाच मास्तर मुलांना मारतही असे. एप्रिल १९२६ मध्ये ओटरटालच्या वर्गात त्याने मारल्यावर एक मुलगा बेशुद्ध पडला आणि विटगेन्स्टाइनने नोकरी सोडली. या खोऱ्यात ती गोष्ट पुस्तकातून आलेली नाही.

शुक्रवारी सकाळीच नोंदणीच्या टेबलावर विचारून ठेवा की शनिवारी ग्लोगनिट्सकडे कोण कोण निघाले आहे. चौघे मिळाले की टॅक्सीचा भार जाणवत नाही, आणि दुपारचे विमान असेल तर बसच्या भरवशावर शनिवारी निघूच नका.